यसूआते बसली ती जांभूळ

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की कोंडसऱ्याच्या डोंगरावर जायला धड वाट नव्हती. जी काही होती ती यसूआतेच्या जाण्यायेण्यानं पडलेली, असं म्हणतात.

यसूआते गुरवाघरची बाई. नवरा तरणाच गेला, मागं पोरबाळ नाही. देवीला पानंफुलं पुरवायची ती, आणि लग्नसराई आली की गावातल्या नवरीमुलींसाठी डोंगरातून वेणी आणायची तीसुद्धा तीच. सोनं कोंडसऱ्यात होतं कुणाकडं? गावकराची लेक असो की गुराख्याची, डोक्यात तीच वेणी. फिकट गुलाबी, जांभळ्या ठिपक्यांची, झाडावरून शेपट्यासारखी ओघळणारी. तिला सीतेची वेणी म्हणत. हळदीला माळली तर नवरी पहिलं माहेरपण करून जाईतो कोमेजत नसे. आणि जी पोर ही वेणी न माळता उंबरा ओलांडेल तिला माहेर तुटलं, अशी त्या गावाची पक्की समजूत. त्यामुळं काय व्हायचं, की ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव. "यसूआते गोऽ!" इकडून हाक, तिकडून हाक. आणि आते कमरेवर हात ठेवून उठायची नि म्हणायची, "येते गो बाई, येते."

माणूस थकतं हो. पण आते थकली आहे हे बघायला गावाला सवड कुठली! गुडघे कुरकुरायचे, चढावर धाप लागायची, तरी हाक आली की ती निघायची. तिची एकच इच्छा उरली होती. कुठंतरी झाडाखाली निवांत बसावं, आणि कुणी हाक मारू नये.

मग एका साली आंबा धरलाच नाही. धुकं पडलं, मोहोर काळा पडून गळाला. गावचा मानकरी, गावकर बाबलो, झाडाखाली उभा राहिला, मान वर करून बघतो तर फांद्यांवर जाड, चिवट पानांचे झुबकेच झुबके. "हे बांडगूळ! हेच रस पितंय झाडाचा," तो म्हणाला, "ओरबाडून काढा सगळं." झालं! गडी चढले. आंब्यावरचं काढलं, फणसावरचं काढलं, ऐनकिंजळावरचंसुद्धा सोडलं नाही. खळ्यात ढीग घातला आणि पेटवायला गेले, तर ते ओलं कसलं पेटतंय! नुसता धूर. पाचोळा घालून पुन्हा बघू म्हणाले आणि घरी गेले.

त्या दिवसांत आते तापानं अंथरुणाला खिळली होती. तिला कोण विचारणार?

ती उठली ती गावकरणीच्या हाकेनं. "यसूआते गोऽ, आमच्या गोपिकेची हळद आली की! वेणी कधी आणतेस?" आते काठी टेकत निघाली, खळ्याशी आली आणि मटकन खालीच बसली. ढिगातून पांढरी, जाड मुळं बाहेर लोंबत होती. त्यांत कळ्यांचे तुरे होते, चिरडलेले.

"बाबल्या," ढिगावर पाचोळा टाकणाऱ्या गावकराला ती म्हणाली, "अरे, वेणीच जाळायला काढलीस की रे!"

बाबल्याला खरंच वाटेना. वेणी सगळ्यांनी बघितली होती ती नवरीच्या डोक्यात. ती ज्या रोपाला लागते ती आमरी फुलाशिवाय कशी दिसते हे बघायला डोंगरात चढलं होतं कोण? "हे बांडगूळ नव्हे?" त्यानं विचारलं.

"बांडगूळ झाडाच्या अंगात घुसतं. ही बापडी नुसती खांद्यावर बसते. वारा खाते, धुकं पिते, झाडाकडं काही मागत नाही. हिचं बी म्हणजे धूळ. वाऱ्यानं उडतं, त्यातलं एखादंच सालीला धरतं, नि फुलायला वर्षांमागून वर्षं लावतं. आता कुठून आणू तुझ्या लेकीला वेणी?"

गावकराची मान खाली गेली. पण वर काय म्हणाला, बघा: "मग आते, तूच काहीतरी कर." मेल्याला दुसरं सुचेल तर ना! पेरणी तोंडावर आली होती, माणसं शेतात गेली, आणि ढीग राहिला आतेच्या पुढ्यात.

तिनं पेटीतलं लग्नाचं लुगडं काढलं. त्याच्या चिंध्या केल्या. जी रोपं तग धरून होती ती टोपलीत घालून डोंगर चढली आणि एकेक रोप फांदीला बांधत सुटली. बांधायची आणि म्हणायची, "बस गो बाई, तू तरी बस." खाली आली की पुन्हा टोपली. हाका चालूच होत्या. देवीला फुलं हवीत, बाळंतिणीला पाला हवा. तेही देऊन यायची, असं म्हणतात. बाईमाणसाचं असंच असतं.

शेवटचं रोप उरलं तेव्हा लुगड्याची चिंधीसुद्धा उरली नव्हती. आतेनं नेसूच्या लुगड्याचा पदर फाडला, रोप खांद्यावर घेतलं आणि वरच्या जुन्या जांभळीपाशी पोचली. हात वर उचलेना. मग ती बुंध्याला पाठ लावून बसली. खालून हाक आली, "यसूआते गोऽ, वेणी!"

"येते गो..." ती सवयीनं म्हणाली. मग थांबली. "नाही. आता नाही येत. आता मी बसले."

एवढ्यात धुकं उतरलं आणि जांभूळ दिसेनाशी झाली.

हळदीच्या सकाळी गोपिका स्वतःच डोंगर चढून आली. आई ओरडत होती, पण पोर ऐकेना. म्हणाली, वेणी नसेल तर नसो, आते कुठं आहे ते बघते. जांभळीखाली आते नव्हती. बुंध्याला तिचा पदर होता, मुळांनी घट्ट धरलेला. आणि त्याच्या वर, बसल्या बाईच्या अंबाड्याच्या उंचीवर, आमरी फुलली होती. तिची वेणी जमिनीला टेकत होती, असं म्हणतात. असली लांब वेणी आधी कुणी पाहिली नव्हती, पुढंही नाही.

गोपिकेच्या तोंडाशी हाक आली होती. तिनं ती गिळली. शेजारी बसून पोटभर रडली आणि हळूच म्हणाली, "बस गो आते, बस." तेव्हा त्या वेणीतला एक तुरा आपणहून सुटला आणि तिच्या ओटीत पडला.

आंब्याचं म्हणाल, तर त्या वर्षी मोकळी केलेली झाडं पुढल्या सालीही तशीच वांझ राहिली. मग गावकर स्वतः खांद्यावर शिडी घेऊन, खाली पडलेली आमरी पुन्हा झाडांना बांधायला निघाला.

अजूनही कोंडसऱ्यात वादळानं फांदी मोडून आमरी खाली आली, तर बघेल तो जुन्या लुगड्याच्या चिंधीनं ती दुसऱ्या झाडाला बांधतो आणि "बस गो बाई, बस," म्हणतो. नवरी आपली वेणी आपण चढून आणते, एकच तुरा घेते, मुळाला हात लावत नाही.

आणि त्या जांभळीखाली बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही. घरी पाहुणे येवोत, चूल विझो, सासू दारात तिष्ठत राहो. ती उठेल तेव्हा उठेल.