सीगल रांग मोडतो

फार वर्षांपूर्वी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या गावात सीगल नावाचा एक समुद्रपक्षी राहायचा. लोकांच्या हातातला तळलेला मासा तो दिवसाढवळ्या पळवायचा. ज्याचा मासा जाई, तो आभाळाकडे बघून एवढंच म्हणे, "आज वारा जरा जास्तच आहे."

एके दुपारी सीगलला सुबुद्धी झाली. "आजपासून चोरी बंद. तळलेल्या माशांच्या दुकानात जाऊन रीतसर मागून घ्यायचं!" तो आत शिरला आणि थेट काउंटरवर जाऊन बसला. मागे सात माणसं रांगेत उभी होती.

रांगेतल्या पेनगेली आजींच्या हातातली छत्री गळून पडली. "यानं रांग मोडली!" पाद्रीबाबा कसेबसे म्हणाले. मग सगळे त्याला मारायला धावले, तेही एकामागे एक, रांगेनं.

सीगल धापा टाकत चर्चच्या शिखरावर जाऊन बसला. "दहा वर्षं चोऱ्या केल्या, कुणी हूं की चूं केलं नाही. आज मागायला गेलो तर जिवावर उठले!"

शिखरावरचा वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा म्हणाला, "मासा गेला तर दुसरा तळता येतो रे. गेलेला नंबर कुठे तळायचा?"

दुसऱ्या दिवशी सीगलनं पेनगेली आजींच्या हातातला मासा पळवला. आजींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"आलं बाई पोर ताळ्यावर!"