आयत्या अळ्या

विहिरीवरची बाभळ गुडघ्याएवढी होती, तेव्हाची गोष्ट. बांधावर कावळे बोलत होते, "फवारलेल्या कोबीतल्या अळ्या भरवल्या की पिल्लं रडायची थांबतात. आणि मग..."

पुढचं ऐकायला चिमणी थांबलीच नाही. घरट्यात तिची तीन पिल्लं भुकेने रडत होती.

शेणखताच्या मळ्यात कोबीला भोकंच भोकं, अन् अळ्या वळवळून निसटायच्या. फवारलेल्या मळ्यात पानं चकचकीत, आणि अळ्या खाली आयत्या पडलेल्या. चिमणी त्याच आणू लागली.

"अगं चिमूताई, चांगली अळी अशी निपचित पडते का?" शेजारची साळुंकी म्हणाली.

"काकू, दुसऱ्याच्या ताटात डोकावणं सोडा आता!"

साळुंकीला राहवेना. दोन थोरली पिल्लं आईचा सगळा घास पळवायची, धाकटं मागेच राहायचं. चिमणी उडाली की साळुंकी त्याला भोकं पडलेल्या पानावरची वळवळती अळी भरवायची.

संध्याकाळी घरटं रोजच्यापेक्षा शांत वाटलं. चिमणीने थोरल्यांना चोचीने हलवलं, पुन्हा हलवलं.

कावळ्यांची बातमी त्या दोघांपुरती खरी निघाली. धाकटं मात्र चोच उघडून रडत होतं.