मिरी आणि डोलकाठीवरून पडलेलं काहीतरी

एक होती उंदरी. अगदी इवलीशी. मिरीच्या दाण्याएवढे डोळे, म्हणून नाव मिरी.

मिरी राहायची खाडीवरच्या होडीत. आईबरोबर. होडी शिडाची. वारा आला की शीड फुगायचं, आणि होडी जायची अल्याड, पल्याड. होडी चालवायचे भिवाबाबा तांडेल.

एकदा काय झालं, होडी होती पल्याड. आई उतरली दाणे आणायला. मिरी झोपली होती दोरांच्या वेटोळ्यात. तेवढ्यात वारा आला. शीड फुगलं. होडी सुटली. आई राहिली पल्याड.

भर खाडीत वरून काहीतरी पडलं. खट्ट. शीड खाली आलं, ते पुन्हा वर जाईना. भिवाबाबांनी कशीबशी वल्ही मारली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. होडी आली अल्याड. बाबांचे खांदे भरून आले.

बाबांना वाटलं, दोष दोराचाच. ते म्हणाले, "दोर म्हातारो झालो." आणि बसले दोराला डांबर लावत.

मिरी जागी झाली. इकडे पाहिलं, आई नाही. तिकडे पाहिलं, आई नाही. होडी केवढी मोठी, आणि आत मिरी एकटी. तिला रडूच आलं.

रडता रडता तिच्या नाकाला काहीतरी लागलं. लाकडाचं. गोल गोल. मधे भोक. कडेला खाच. वरून पडलेलं ते हेच. पण हे काय? मिरीला काही कळेना.

तिने ते नाकाने ढकललं. गडगड गडगड. मागे मिरी, तुरुतुरु तुरुतुरु.

"बाबा, बाबा, हे काय ते सांगा.
होडी पल्याड न्या.
पल्याड माझी आई आहे."

बाबांना जवळचं नीट दिसत नसे. ते सगळं हातानेच ओळखायचे. पण हात तर डांबराने बरबटलेले.

बाबा म्हणाले, "हात लावल्याशिवाय माका कळाचां नाय. आदी तेल हाड, मगे सांगतंय."

गडगड गडगड. तुरुतुरु तुरुतुरु. मिरी तेल आणायला गेली चंद्राकाकीकडे. चंद्राकाकी घरी तेल काढायची.

"काकी, काकी, तेल द्या.
तेलाने बाबांचे हात साफ होतील.
बाबा हे काय ते सांगतील.
होडी पल्याड नेतील.
पल्याड माझी आई आहे."

काकी म्हणाली, "खोबऱ्याशिवाय तेल खंयचां? आदी नारळ हाड, मगे तेल देतंय."

गडगड गडगड. तुरुतुरु तुरुतुरु. मिरी गेली माडाकडे. माड उंचच उंच. मिरीने मान वर केली, ती मागेच पडली. धुप्प.

"माडदादा, माडदादा, नारळ दे.
नारळाचं काकी तेल काढतील.
तेलाने बाबांचे हात साफ होतील.
बाबा हे काय ते सांगतील.
होडी पल्याड नेतील.
पल्याड माझी आई आहे."

माड म्हणाला, "माझी मुळां सुकली गो. आदी पाणी हाड, मगे नारळ देतंय."

गडगड गडगड. तुरुतुरु तुरुतुरु. मिरी गेली विहिरीवर. तिथे शेवंतीवयनी उभी. हातात कळशी. कळशी रिकामी.

"वयनी, वयनी, पाणी द्या.
पाण्याने माड नारळ देईल.
नारळाचं काकी तेल काढतील.
तेलाने बाबांचे हात साफ होतील.
बाबा हे काय ते सांगतील.
होडी पल्याड नेतील.
पल्याड माझी आई आहे."

वयनी म्हणाली, "रहाटाचां चाक मोडलां, ता सुताराकडे आसा. दोर अडकता. आदी चाक हाड, मगे पाणी देतंय."

चाक? मिरीने चाक कधी पाहिलंच नव्हतं. होडीला कुठे चाकं असतात?

आता कोणाकडे जायचं? सुतार तर लांबच्या गावात, पुढे कोणीच नव्हतं. मिरी त्या गोल गोल वस्तूवर बसली. शेपटी पायाशी घेतली. खाडीकडे पाहिलं. पल्याडचा काठ लांब, लांब. मिरीला फार फार एकटं वाटलं. ती हळूच म्हणाली, "आई."

वयनीने खाली पाहिलं.

"गो बाय, तू बसलंस कशार?"

मिरी उठली. वयनीने ती वस्तू उचलली. भोकात रहाटाचा खिळा घातला. खाचेत दोर बसवला. ओढला.

कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

वस्तू गोल गोल फिरली. दोर सरसर वर आला. पाण्याने भरलेली कळशी वर आली.

"ह्यांच तर चाक," वयनी म्हणाली.

मिरी चाकाजवळ सरकली. आता वयनी ते ठेवून घेणार की काय? मग बाबांना काय दाखवायचं? मग आई?

पण वयनीने चाक काढलं, मिरीपुढे ठेवलं. "माझां चाक उद्या येतला. ह्यां तुझां, तू घेवन जा."

मग काय,
वयनीने माडाला पाणी घातलं. गळगळ गळगळ.
माडाने नारळ दिला. धप्प.
काकीने खोबरं किसलं, दूध काढलं, आटवलं. खर्र खर्र, चुर्र चुर्र.
काकी तेलाची वाटी घेऊन काठावर आली.
बाबांनी हात चोळले. डांबर गेलं.

बाबांनी चाक हातात घेतलं. खाचेवरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा. एका बाजूला खाच जास्त झिजली होती. बाबा दोर नेहमी डाव्या हाताने ओढायचे ना, म्हणून.

बाबा हसले. "माझ्याच डोलकाठीवरचां चाक ह्यां. दोर चांगलो आसा. मीच खुळो."

बाबांनी चाकाला तेल लावलं. डोलकाठीवर बसवलं. दोर घातला. ओढला. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

शीड वर गेलं. वारा आला. होडी सुटली. मिरी पुढच्या टोकावर बसली, अजिबात हलली नाही.

पल्याड आई होती. होडी सुटली तेव्हा जिथे उभी होती, तिथेच. पोर परत आली आणि आपण नसलो तर, म्हणून ती जागची हलली नव्हती. दाणे तसेच पडले होते.

मिरी तुरुतुरु गेली आणि आईच्या पोटाशी शिरली.

"आई, मला एकटं वाटलं."

"माका पण," आई म्हणाली.

होडी टेकली वाळूला, गोष्ट लागली काठाला.