राजाचा भात आणि ठकूआजीचा बोकड

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर चूल फुंकायची फुंकणीसुद्धा तेव्हा नवीनच निघाली होती.

एक राजा होता. त्याला भात लागायचा पांढरा. पानावर वाढला की मोगऱ्याच्या कळ्या सांडल्यासारखा दिसला पाहिजे, शीत शिताला चिकटता कामा नये. त्याचा आचारी विसोबा मोठा हौशी. तो वाड्यावर कांडायला येणाऱ्या ठकूआजीकडून तांदूळ उखळात तीनतीनदा सडून घ्यायचा, म्हणजे वरचा तांबूस कोंडा सगळा निघून जाई. मग तांदूळ सात पाण्यांनी धुवायचा. मग भरपूर पाण्यात शिजवायचा आणि वरची पेज ओतून टाकायचा.

कोंडा, धुवण, पेज, सगळं जायचं मागच्या दारच्या घंगाळात. तिथे ठकूआजीचा बोकड बांधलेला असे.

असं वर्ष गेलं. राजा वाळत चालला. जिना चढताना तीनदा बसायचा. मुकुट जड होतो म्हणून नुसती टोपी घालायला लागला. आणि दसरा तर आला तोंडावर! त्या राज्याची रीत अशी, की दसऱ्याला राजाने आपल्या पायांनी शिवेवरच्या आपट्यापर्यंत चालत जायचं. पालखीत बसून गेला, तर गादी मेहुण्याला. मेहुणा रोज तब्येतीची चौकशी करायला यायचा, आणि जाताना गादीवर बसून बघायचा.

राजाने विसोबाला बोलावलं. "आठ दिवस आहेत. अंगात बळ येईल असं काही खायला घाल. नाही जमलं, तर मेहुणा गादीवर बसायच्या आधी तू राज्याबाहेर."

विसोबाने रात्रंदिवस विचार केला आणि तांदूळ नऊ पाण्यांनी धुतला.

राजाला आता टोपीसुद्धा जड व्हायला लागली.

ठकूआजी म्हणाली, "विसोबा, अरे किती धुशील? तांदूळ आहे की पाप?"

"तू आपली सड, आजी. राजाच्या पोटात घाण जायला नको."

दसऱ्याला दोन दिवस उरले. राजा ओसरीवर उन्हाला बसला होता. तेवढ्यात मागच्या दारी काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. बोकडाने दावं तोडलं होतं, पाठोपाठ खुंटा उपटला होता. तो खुंटा ओढत ओसरीवर आला. दोन भालदार आडवे झाले, ते आडवेच राहिले. मेहुणा मधे आला, तो तुळशीवृंदावनाच्या पलीकडे जाऊन पडला.

राजा मात्र बोकडाकडे बघतच राहिला. "काय अंग आहे! काय तुकतुकी आहे! आजी, याला काय खायला घालतेस?"

"तू जे खात नाहीस ते," आजी म्हणाली. "तुझ्या तांदळाचा कोंडा, तुझं धुवण, तुझी पेज. तू खातोस तो तांदळाचा चोथा, राजा. तांदूळ हा खातो."

"मग वर्षभर सांगितलं का नाहीस?"

"विसोबाला टोकलं, तर ऐकलं नाही. नेटाने सांगावं, तर बोकड माझा आहे ना!"

राजा इतका हसला की त्याला दम लागला.

त्या दिवसापासून आजीने तांदूळ एकदाच सडला. विसोबाने तो दोनच पाण्यांनी धुतला, घटकाभर भिजत घातला, वर दोन बोटं येईल एवढंच पाणी ठेवलं आणि झाकण घालून मंद जाळावर ते सगळं भातातच जिरवलं. भात तांबूस झाला, जरा चिकट झाला. राजाने पहिला घास नाक मुरडून घेतला, तिसरा मागून घेतला.

आता दोन दिवसांत कुणी पहिलवान होत नाही. पण दसऱ्याला राजा चालत गेला. वाटेत नऊ वेळा बसला, पण पालखीत नाही. आपट्याची पानं त्याने आपल्या हाताने तोडली, आणि पहिलं पान मेहुण्याच्या हातात ठेवलं. मेहुणा लंगडत होता.

बोकडाच्या घंगाळात आता फारसं काही पडेना. तो रुसला, आणि विसोबा दिसला की मागून ढुशी द्यायचा. राजाने हुकूमच काढला, की जेवणाआधी बोकडाला बघून यायचं. तो रागावलेला असला, तर भात बरोबर झालाय. खूश दिसला, तर विसोबाची खैर नाही.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: अन्न देखणं करण्याच्या नादात त्याचं सत्त्व मोरीत ओतू नये.