सखाहरी आणि अननसाचा वास

एका गावात सखाहरी नावाचा माणूस राहायचा. लोक त्याला तोंडावर भोळा म्हणायचे आणि पाठीमागे मूर्ख. पण तो दुसरा शब्द सखाहरी स्वतःच सगळ्यांच्या आधी वापरायचा, त्यामुळे पाठीमागे बोलण्यात काही मजा उरली नव्हती.

सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. जसं सांगितलं तसंच करायचा, आणि तिथेच घोटाळा व्हायचा.

गावातल्या ज्युनियर कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत त्याला शिपायाची नोकरी लागली. त्यापाठोपाठ लग्नही ठरलं. शेजारच्या गावच्या रखमाजी ढोल्यांची मुलगी, गया. रखमाजींनी अट घातली, "तुळशीचं लग्न झालं की तुमचं लावू. तोवर नोकरी टिकली तर पोरगी देतो. नाही टिकली तर राम राम."

सखाहरीला गया फार आवडली होती. तो बघायला गेला तेव्हा तिने चहा दिला आणि म्हणाली, "गरम आहे हं." सखाहरी कप हातात धरून बसून राहिला. गार झाला, असं काही ती म्हणाली नव्हती. उठायची वेळ झाली तरी कप भरलेलाच. गया पदर तोंडात धरून हसली, तेव्हा कुठे त्याने तो गार चहा पिऊन टाकला.

आता नोकरी टिकवायची होती.

प्रयोगशाळेचे कुलथे सर गणपतीच्या सुट्टीला जाताना म्हणाले, "सखाहरी, कपाट कोंदटलंय. जरा हवा लागू दे." सखाहरीने कपाट उघडलं. मग आतल्या बरण्यांची झाकणंही उघडली, त्यांनाही हवा नको का? सर परत आले तर स्पिरिटची बरणी कोरडी ठाक.

"अरे, स्पिरिट म्हणजे अल्कोहोल! उघडं ठेवलं की उडून जातं. जे उडून जातं त्याचं बूच घट्ट लावायचं!"

"चुकलं सर. आता घट्ट लावतो."

पुढच्या आठवड्यात सरांनी बाटलीत गुळाचं पाणी आणि यीस्ट घालून ठेवलं, तोंडाला कापसाचा बोळा लावला. गूळ आंबून अल्कोहोल कसं होतं, ते मुलांना दाखवायचं होतं. सखाहरीने अल्कोहोल एवढंच ऐकलं. बोळा काढून त्याने बूच ठोकलं, वरून सुतळीने आवळलं. ऐन तासाला धडाम्! बूच पंख्यावर आदळलं, गूळ छताला चिकटला. थोडा सरांच्या टकलालाही चिकटला.

"अरे बाबा, आंबताना आत वायू होतो! वायू कोंडायचा नाही. त्याला बाहेर पडायला वाट द्यायची!"

"माझं डोकंच तसलं सर," सखाहरी म्हणाला. "बाटली रिकामी, बूच तेवढं घट्ट."

सरांना हसू आलं आणि नोकरी वाचली.

सर मोठ्या मनाचे. लग्न जवळ आलं तसं त्यांनी सखाहरीला घरी केळवणाला बोलावलं. सरांच्या पत्नी, काकू, पुऱ्या तळत होत्या. सखाहरी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तर कोपऱ्यात भरलेला जादा सिलिंडर. त्याला सरांचे शब्द आठवले आणि कोंडलेल्या वायूची दया आली. त्याने वरची टोपी काढली, आतली पिन दाबून धरली आणि वायूला वाट करून दिली. फुस्स! घाण वास घरभर पसरला. काकूंनी शेगडी बंद केली, सरांनी धावत येऊन सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, सगळ्यांना अंगणात ओढलं. पुऱ्या कढईतच राहिल्या.

अंगणात सर म्हणाले, "नीट ऐक. ह्या गॅसला स्वतःचा वास नसतो. माणूस सावध व्हावा म्हणून तो मुद्दाम घालतात. वास आला की ज्योत विझवायची, दारं-खिडक्या उघडायची, माणसं बाहेर काढायची. विचारत बसायचं नाही! आणि आता आणखी एक घोटाळा झाला, तर मला प्राचार्यांकडे जावं लागेल."

सखाहरीची झोप उडाली. वास आला की ज्योत, दारं, माणसं. तो अंथरुणात पडल्या पडल्या घोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलं एस्टर बनवत होती. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र तापवलं की फळासारख्या वासाचा पदार्थ होतो, तो एस्टर. प्रयोगशाळेत अननसाचा घमघमाट सुटला. सखाहरीने टेबलाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं. अननस कुठेच नाही. म्हणजे वास मुद्दाम घातलेला! त्याने वाळूची बादली उचलली, स्पिरिटच्या सगळ्या पेटत्या दिव्यांवर वाळू ओतली, खिडक्या उघडल्या, मुलांना हाताला धरधरून बाहेर काढलं. सर तावातावाने आत शिरले आणि जागच्या जागी थबकले. टेबलावर अल्कोहोलची बाटली कलंडलेली होती आणि ओघळ नुकत्याच विझलेल्या दिव्यापर्यंत पोचला होता.

"शाब्बास सखाहरी! भडकाच उडाला असता. वास आला की कायम असंच करायचं!"

नोकरी पक्की झाली. रखमाजींनी मांडव घातला. त्या शाबासकीने मात्र सखाहरीचा घात केला.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. गुरुजींनी होम पेटवला. गयाचे मामा अत्तरदाणी घेऊन आले आणि त्यांनी नवरदेवाच्या दोन्ही मनगटांना अत्तर चोळलं. जत्रेतलं स्वस्त अत्तर, अननसाच्या वासाचं.

सखाहरीने नाक वर केलं. "मामा, हा वास कसला?"

"मुद्दाम लावलाय, जावईबापू!"

झालं. सखाहरी उठला. मांडवामागे ओट्याच्या बांधकामाची वाळू पडली होती. पाटीभर वाळू होमात! दुसरी पाटी आचाऱ्याच्या चुलाणावर, दुसऱ्या पंगतीचा भात अर्धा कच्चा. कनाती फाडल्या. जेवणाऱ्यांना पंगतीतून उठवलं, गुरुजींना पाटासकट उचललं, रखमाजींना ढकलत नेलं. गयाला हात धरून बाहेर आणलं. शेवटी मांडवात कुणी उरलं नाही. पण वास काही जाईना. बाहेर आला तर वास बाहेरही. लोकांजवळ गेला तर तिथेही. मग त्याने आपलं मनगट हुंगलं आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

"पळा! गळती मीच आहे!" तो ओरडला, आणि लोकांना सांगता सांगता स्वतःच रानाकडे पळत सुटला.

लोक मागोमाग गेले, तर नवरदेव रानातल्या खळ्याच्या मधोमध हात पसरून, वाऱ्याला तोंड करून उभा. "जवळ येऊ नका! काडी ओढू नका! अजून येतोय वास!"

रखमाजी कडाडले, "लग्न मोडलं! असला मूर्ख जावई मला नको!"

"बरोबर आहे मामंजी," सखाहरी लांबूनच म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मलाही नसता चालला."

तेव्हा गया पुढे आली. "बाबा, भरल्या मांडवात जीवाची भीती वाटली, तर माणूस आधी कुठे पळतो?"

"दाराकडे."

"हे शेवटी पळाले. सगळ्यांना काढून. मला हाच नवरा पाहिजे."

रखमाजींनी मान डोलावली. गया लग्नाला आलेल्या कुलथे सरांकडे वळली. "सर, तुम्हीच यांना शिकवलंत. आता असा माणूस धरून कसा ठेवायचा?"

सरांनी टक्कल खाजवलं. "पोरी, मी त्याला पहिल्याच घोटाळ्याला सांगितलं होतं. जे उडून जातं, त्याचं बूच घट्ट लावायचं."

गया तशीच खळ्यात गेली. सखाहरीच्या उपरण्याचं टोक ओढून तिने ते आपल्या शालूच्या पदराला बांधलं. एक गाठ मारली, वर दुसरी मारली, दात लावून आवळली. गुरुजी होम पुन्हा पेटवायला निघाले. लोकांनी टाळ्या पिटल्या.

सखाहरीने गाठीकडे काळजीने पाहिलं आणि हळूच म्हणाला, "एवढी घट्ट नको गं. मागच्या वेळी गूळ छताला चिकटला होता."