साडेचारावर एक सूत

पडदे शिवण्याच्या कारखान्यात शेवंताबाईंची बावीस वर्षं गेली होती, पण आकडेमोड म्हटलं की त्या मागे सरायच्या. नवे मॅनेजर कुलथे साहेब यांनी नेमकं तेच हेरलं आणि सगळ्या बायकांसमोर विचारलं, "सदतीस इंचांत आठ सारख्या चुण्या घालायच्यात. एक चुणी केवढी?"

शेवंताबाईंची मान खाली गेली. "मी चौथीत गणितातच नापास झाले, साहेब."

साहेबांनी मोबाइलवर बोटं नाचवली. "चार पॉइंट सहा दोन पाच! एवढंही येत नाही?"

"मग टेपवर तेवढी खूण करून द्या," बाई पुटपुटल्या.

साहेबांना टेपवर साडेचार सापडले, पण सहा दोन पाच काही सापडेना. त्यांनी टेप उलटूनही पाहिला.

बाईंनी सदतीस इंच दोरा तोडला, तीनदा दुमडला आणि टेपवर धरला. "साडेचारावर एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साहेब."

कुणीच हसलं नाही, ते साहेबांना जास्त लागलं. त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "मग तुम्ही नापास कशा झालात?"

"गुरुजींनी उत्तर मागितलं होतं, साहेब. पडदा मागितला असता, तर पास झाले असते."