कन्हेरीतली परी आन् फुटक्या काचा

गप बसाल तर सांगतो. मधीच कुनी चुळबुळ केली आन् परी उडून गेली, तर मला बोल लावायचा न्हाई.

एक व्हती सगुनी. एवढीशी, गुलाबी रिबिनीची. तिची आई अनसाबाई गुलमोहर गल्लीत दारोदार कचरा गोळा करायची. बाटली, पुठ्ठा, पत्रा येगळा काढून भंगारवाल्याला इकायची. त्याचं पुन्ना नवं कायतरी व्हायचं. तुमची कोरी वही हाय ना, ती बी अनसाबाईच्या पोत्यातनं आली आसंल. हुंगू नका, वास येत न्हाई.

पन गल्लीतली मान्सं भाजीच्या देठांत फुटक्या काचा टाकायची. एक काच आईच्या उजव्या हातात घुसली. हात सुजून वांग्यासारखा झाला. दवाखान्यातली बाई म्हनली, आजून एकदा कापलं तर ह्या हातानं काम व्हायचं न्हाई.

सगुनी बागेत गेली न् पिवळ्या कन्हेरीखाली मुसमुसत बसली. तर फुलातनं इवलीशी परी निघाली. डोळे मोरपिशी, पंख वेफरच्या पुडीच्या आतल्या बाजूवानी चंदेरी, चमचम चमचम.

परी म्हनली, "दोन इच्छा माग, बाळा. पन मला कायबी नाहीसं करता येत न्हाई. फकस्त हिकडचं तिकडं."

सगुनीनं निम्मंच ऐकलं. तुमच्यासारखंच. म्हनली, गल्लीतला समदा कचरा जाऊ दे.

चिमुकली छडी फिरली आन् गल्ली लख्ख. सकाळी अनसाबाई गेली तर समद्या बादल्या रिकाम्या. रिकामंच पोतं घिऊन ती परत आली, उंबऱ्यावर बसली. आता चूल कशी पेटायची?

सगुनी बागेकडं पळाली. बघती तर समदा ढीग कन्हेरीवर. खाली परी, एक पंख खरकट्यात, एक पिशवीत गुतलेला.

"आजून एक इच्छा हाय तुजी," परी हळूच म्हनली. "सांग, हलवते."

"कुटं जाईल?"

"दुसऱ्या कुनाच्या तरी दारात."

सगुनीनं जोरात मान हलवली, न्हाई म्हून. मंग फ्रॉक खोचला आन् बसली निवडायला. आई हुडकत आली, ती बी डाव्या हातानं लागली. एकदम मूठ घालायची न्हाई, आदी काठीनं पसरायचं, ती सांगत गेली. हिरव्या बाटल्या येगळ्या, निळी झाकनं येगळी, देठं-सालं कन्हेरीच्या मुळाशी. पोती भंगारवाल्याकडं गेली. ऊन कलायच्या आत ढीग संपला.

परीनं पंख झटकले. "मला जमत न्हाई ते तुमी केलंत. आता माग गं."

आईचं दुखनं काढ म्हनावं, तर ते कुनाच्या तरी हातात जायचं. सगुनीनं डोकं खाजवलं आन् गालात हसली. तवाच मला ही पोर आवडली बगा. म्हनली, "जो वल्ल्या कचऱ्यात काच टाकील, त्याची बादली त्याच्याच सैपाकाच्या वट्यावर."

सकाळी सबनीस काका च्या प्यायला गेले, तर कपाशेजारी त्यांचीच बादली, बटाट्याच्या साली आन् फुटकी बरणी. त्यांनी पुन्ना टाकली, पुन्ना आली. कधी जोशीनबाईंच्या कुकरला टेकून, कधी पोळ्यांच्या डब्यावर. गल्लीभर बोंबाबोंब. परी फुलात बसून पोट धरून हसत व्हती.

हळूहळू गल्ली सुदारली. अनसाबाईच्या हाताला पट्टी, इसावा मिळाला, सूज उतरली. एक दिस सबनीस काका सोता खाली आले. काच कागदात गुंडाळलेली, वरनं दोरा. गल्लीत सगळे तिला नुसतं "कचरेवाली" म्हनायचे. त्यांनी आदी नाव इचारलं.

"अनसाबाई, काच आहे. नीट धरलीत? मग सोडतो."

बागेकडनं पिवळाधमक उजेड आला, साऱ्या गल्लीवर सांडला, आन् त्यातच परी मिसळून गेली. अनसाबाईनं त्या उजेडात उजवा हात उघडून-मिटून बघितला, आन् फुडच्या दाराची बेल वाजवली.